गाठ निघाल्यानंतरचं वर्ष

‘कॅन्सर नाही’ असा रिपोर्ट आला की घरात देवापुढे साखर ठेवली जाते, नातेवाइकांना फोन जातात आणि विषय मिटतो. मिटायलाही हवा. पण जिथे सुरी फिरली तिथल्या कातडीचं काम त्याच सुमारास सुरू झालेलं असतं आणि ते वर्षभर, कधी दीड वर्षही चालतं. या काळात ती जागा निळी होते, पिवळी पडते, टणक होते, खाजते, बधिर राहते, मधूनच चमक मारते. यातलं बहुतेक सगळं अपेक्षित आणि निरुपद्रवी असतं. ते आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून प्रत्येक बदलाला बाई नव्याने घाबरते.

मी चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. आलेला भाग ट्यूबच्या उजेडात फिरवून बघायचा, ओरखडा, पोचा, रंगातला फरक शोधायचा, बरा असेल तर हिरवा टॅग, नसेल तर लाल, हे माझं रोजचं काम. चाळिशीच्या अलीकडे डाव्या छातीत गाठ लागली. सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासला, निदान आलं फायब्रोॲडिनोमा. साधी गाठ. पण ती वाढत होती, म्हणून काढली. ऑपरेशन झाल्यावर आरशासमोर उभी राहिले तेव्हा कळेना की या जागेला हिरवा टॅग लावायचा की लाल. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं आणि ‘त्रास झाल्यास दाखवणे’ एवढंच होतं. त्रास कशाला म्हणायचं, ते नव्हतं.

आजकाल बहुतेक गाठींचं निदान सुईनेच होतं. फायब्रोॲडिनोमा ही तरुण वयातली सर्वांत जास्त आढळणारी साधी गाठ. बोटाखाली ती सटकते, आणि बहुतेक वेळा तिला हात न लावता नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. ती वाढत असेल, तीन सेंटीमीटरच्या पुढे गेली असेल, सुईचा रिपोर्ट आणि सोनोग्राफी यांचा मेळ बसत नसेल, किंवा फायलोडिस नावाच्या वेगळ्या गाठीची शंका असेल, तर चिरा देऊन ती काढतात आणि पूर्ण गाठ पॅथॉलॉजीला जाते. सुरी लागली की साध्या गाठीचा कॅन्सर होतो, ही समजूत खोटी आहे. ती मला कंपनीच्या बसमध्येही ऐकायला मिळाली आणि माहेरीही.

पहिला पंधरवडा

माझी गाठ छातीच्या वरच्या भागात होती. निळेपण मात्र दोन-तीन दिवसांत खाली उतरलं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे तर पसरतंय!” पसरत नव्हतं, ओघळत होतं. चिऱ्याच्या आजूबाजूला साकळलेलं रक्त आपल्याच वजनाने सैल ऊतींतून खाली येतं, त्यामुळे गाठ एकीकडे आणि निळेपण दुसरीकडे दिसतं. मग ते रक्त शरीर मोडून काढतं. रक्तातल्या लाल रंगद्रव्याचा भाग आधी हिरवट आणि मग पिवळ्या द्रव्यात बदलतो, म्हणून जांभळा, हिरवा, पिवळा असा क्रम लागतो. साधारण दोन आठवड्यांत तो पुसट होतो. थोडं लोह तिथेच राहिलं तर तपकिरी छटा आणखी काही आठवडे टिकते.

गाठ निघालेली पोकळी रिकामी राहत नाही. तिच्यात फिकट पिवळं पाणी साचतं, त्याला सेरोमा म्हणतात. हलताना आत काहीतरी डचमळल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा शरीर ते काही आठवड्यांत शोषून घेतं, फार ताण आला तरच डॉक्टर सुईने काढतात. पण पहिल्या दिवस-दोन दिवसांत छाती एकाएकी फुगत गेली, कातडी ताणून चकाकायला लागली आणि ठणका वाढत गेला, तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच जायचं.

या दिवसांत सर्वांत उपयोगी पडते ती तारा नसलेली, घट्ट पण न काचणारी ब्रा, आणि ती रात्रीही. छातीचं वजन टाक्यांवर आलं नाही की दुखणं निम्म्याने कमी होतं, असा माझा अनुभव. कातडीखालचे टाके विरघळणारे होते. ते काढावे लागत नाहीत, पूर्ण विरघळायला मात्र तीन-चार महिने लागतात. एखाद्या टाक्याचं टोक मध्येच पुटकुळीसारखं वर येऊ शकतं. ते नखाने ओढायचं नाही, डॉक्टर क्षणात कापून देतात.

पट्टीची लाली, पूची लाली

लाल दिसलं की सगळे ‘पिकलं’ म्हणतात. पण लालीचे प्रकार आहेत. पहिले चार-पाच दिवस चिऱ्याच्या कडेला बारीक लाल रेघ असतेच, दुरुस्तीसाठी तिथे जास्त रक्त येत असतं. दुसरी लाली पट्टीची. माझ्या छातीवर चक्क चौकोन उमटला होता. जिथे चिकटपट्टी होती तिथेच लाल, बारीक पुरळ आणि मरणाची खाज. कड इतकी सरळ असेल तर तो बहुधा चिकटद्रव्याचा त्रास असतो. पट्टीचा प्रकार बदलला आणि तो गेला. काही मलमांनीही असंच होतं, म्हणून मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून मलम लावू नये.

तिसरी लाली खरी काळजीची. ती बहुधा चौथ्या दिवसानंतर येते, रोज थोडी पुढे सरकते, तिथे हात लावला तर गरम लागतं, दुखणं कमी व्हायचं ते वाढतं, चिऱ्यातून गढूळ किंवा वास येणारा स्राव येतो, अंगात ताप भरतो. हा जंतुसंसर्ग. याला अँटिबायोटिक लागतं, आणि पू साचला असेल तर तो काढावाही लागतो.

आमच्या पिंपरीत हे सांगताना ‘एच. ए.’ची आठवण निघतेच. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने इथे उभा राहिला आणि देशात पेनिसिलिन बनू लागलं. सासरे तिथे नोकरीला होते. साध्या गळवानेही माणूस जायचा असा काळ त्यांनी गावी पाहिलेला, त्यामुळे औषधावर त्यांची श्रद्धा होती आणि ते अर्धवट घेण्यावर राग. पण छातीवरची ही शस्त्रक्रिया स्वच्छ प्रकारात मोडते. ती करताना डॉक्टर गरजेप्रमाणे एखादा डोस देतात, पुढे संसर्ग नसेल तर दिवसेंदिवस अँटिबायोटिक खाण्याचा फायदा नाही. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवणं तर मुळीच नको.

घरचे उपायही हजर असतात. ओल्या चिऱ्यावर हळद-तूप नको. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, आणि पिवळा थर बसला की खालची लाली दिसत नाही. सासूबाईंचा दुसरा नियम होता, “आंबट खाऊ नकोस, जखम चिघळेल.” माझ्या डॉक्टर मॅडमना विचारलं तर त्या हसल्या. जखम सांधणारा कोलॅजन नावाचा धागा पक्का व्हायला क जीवनसत्त्व लागतंच. म्हणजे लिंबू, पेरू, आवळा हवाच. डाळ, मटकी, अंडी, दूधही हवं, कारण तो धागा प्रथिनांचाच असतो. टाळायची ती मिश्री. आमच्या भागात कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात. तंबाखूतल्या निकोटिनमुळे कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं हे मलमापेक्षा मोठं औषध आहे.

टणकपणाची भीती

सगळ्यांत जास्त घाबरवतं ते हे. पहिल्या आठवड्याच्या शेवटी चिऱ्याखाली बोटाला टणक कड लागायला लागते. गाठ काढायला गेलो आणि नवीन गाठ आली, असंच वाटतं. ती गाठ नसते, नवा कोलॅजन असतो. जखम तीन टप्प्यांत भरते. पहिले काही दिवस सूज आणि साफसफाईचे. मग साधारण तीन आठवड्यांपर्यंत भरणी होते, शरीर घाईने, थोडं अस्ताव्यस्त कोलॅजन टाकतं. त्यानंतर वर्षभर तेच कोलॅजन मोडून, नीट ओळीत रचून पुन्हा बांधलं जातं. म्हणून कड आधी टणक होते आणि काही महिन्यांत मऊ पडत जाते.

ताकदीचा हिशेबही समजून घ्यावा. तीन आठवड्यांनी सांध्यात मूळ कातडीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकं बळ असतं. तीन महिन्यांनी ते फार तर ८० टक्क्यांपर्यंत जातं, आणि तिथेच थांबतं. वरून चिरा मिटलेला दिसतो म्हणून आतलं काम संपलेलं नसतं.

टणकपणाची आणखी दोन कारणं माहीत असावीत. छातीत चरबी पुष्कळ असते. शस्त्रक्रियेत तिचा रक्तपुरवठा तुटला तर तो तुकडा मरतो आणि घट्ट होतो. याला फॅट नेक्रोसिस म्हणतात. तो कधी काही महिन्यांनीही हाताला लागतो, वरची कातडी आत ओढतो, आणि मॅमोग्राफीत कॅन्सरची शंका यावी असा दिसू शकतो. निरुपद्रवी असला तरी तो आपण घरी ओळखायचा नसतो. सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुई, हाच मार्ग. दुसरं कारण मोंडोरचा आजार. हात वर केला की कातडीखाली ताठ, दोरीवजा रेघ उठून दिसते आणि ओढल्यासारखं दुखतं. वरवरच्या शिरेत रक्त गोठल्याने असं होतं. आंरी मोंडोर या फ्रेंच सर्जनने १९३९ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. तो बहुधा काही आठवड्यांत आपोआप जातो, पण एकदा दाखवून खात्री करून घ्यावी.

गाठ मोठी असेल तर पुढे तिथे थोडा खळगा राहतो. सुरुवातीला पाणी साचल्यामुळे तो दिसत नाही, पाणी आटलं की दिसतो. त्यामुळे ‘आधी बरं होतं, आता बिघडलं’ असं वाटतं. पाळीच्या आधी सगळ्याच छातीला सूज येते, तेव्हा ही जागा इतर भागापेक्षा जास्त दुखते. पाळी आली की उतरतं.

बधिरपणा, खाज, चमक

चिरा देताना कातडीतले बारीक मज्जातंतू कापले जातातच. म्हणून चिऱ्याच्या आसपास बधिर लागतं, कपड्याचा स्पर्श परका वाटतो. हे तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने परत वाढतात. वाढताना मध्येच विजेचा झटका बसल्यासारखी चमक येते. मीटिंगमध्ये बसलेली असताना मी दचकून छातीवर हात ठेवायची आणि समोरचे साहेब दुसरीकडे बघायचे. काही महिन्यांत चमक विरळ होते. थोडा भाग कायमचा बधिर राहू शकतो, त्याने बिघडत नाही. एवढंच की तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, भाजलेलं कळत नाही.

खाज भरणीच्या काळात जास्त येते. चिरा पूर्ण मिटल्यावर साधं खोबरेल किंवा वासाचं नसलेलं क्रीम हलक्या हाताने लावलं की आराम पडतो. मात्र खाज छातीच्या खालच्या घडीत, ब्राच्या पट्टीखाली असेल तर तो घामातल्या बुरशीचा त्रास असू शकतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात शॉप फ्लोअरवर आठ तास घट्ट ब्रा घातली की तो होतोच. सुती कपडा, दुपारी एक बदली ब्रा, आणि घडी कोरडी ठेवणं एवढं करावं.

व्रणाचा रंग आणि उंची

कातडीतले धागे ठरावीक दिशांनी धावतात. ऑस्ट्रियाच्या कार्ल लांगरने १८६१ साली प्रेतांवर टोचून त्या दिशांचा नकाशाच काढला. चिरा त्या रेघांना धरून, किंवा स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या काठाने दिला तर व्रण बारीक राहतो. ऑपरेशनच्या आधी ‘चिरा कुठे देणार?’ हे विचारायला लाजू नये. पुढे बाळाला पाजायचं असेल तर तेही सांगावं. बहुतेकींना पाजता येतं, पण वर्तुळाच्या काठाने चिरा दिला तर काही दुग्धनलिका कापल्या जाऊ शकतात.

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर व्रण आधी गुलाबी-जांभळा, मग गडद तपकिरी होतो आणि महिन्यामहिन्याने फिका पडतो. जखमेची सूज ओसरताना आपली कातडी जास्त रंग बनवते, त्याने हा गडदपणा येतो. लिंबू घासून तो जात नाही, उलट कातडी भाजून आणखी काळी पडते.

उंचीचं वेगळं. व्रण फुगला, पण चिऱ्याच्या हद्दीतच राहिला, तर त्याला हायपरट्रॉफिक व्रण म्हणतात आणि तो बहुधा वेळाने खाली बसतो. हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर चढत गेला तर केलॉइड. गडद कातडीच्या माणसांत तो जास्त होतो, छातीच्या मधोमध, खांद्यावर, कानाच्या पाळीवर त्याची आवडती ठाणी. कान टोचल्यावर कुणाची पाळी सुपारीएवढी फुगली असेल, किंवा घरात कुणाला असं असेल, तर हे सर्जनला आधीच सांगायचं. सिलिकॉनची जेल किंवा पट्टी, व्रणात स्टेरॉइडचं इंजेक्शन असे उपाय आहेत आणि ते लवकर सुरू केलेले बरे.

आणखी एक गोष्ट सांगते, जी पुस्तकात मिळत नाही. माझा व्रण बरोबर मंगळसूत्राच्या वाट्यांखाली येत होता. त्यांच्या घासण्याने तो लाल राहायचा. आमच्या शॉपमध्ये रंगाला ओरखडा नको म्हणून दागिने काढायला किंवा पट्टीने झाकायला लावतात. तिथे मंगळसूत्र काढतच होते, घरी ते काही महिने आखूड पोतीत ओवून घातलं. सासूबाईंनीच ओवून दिलं.

कामावर परतताना

डॉक्टर म्हणतात ‘हलकं काम करा’, पण हलकं म्हणजे काय ते कामावर ठरतं. संगणकासमोरचं काम दोन-तीन दिवसांत जमतं. हार्नेसच्या लाइनवर खांद्याच्या उंचीवर हात धरून वायर ओढणाऱ्या मुलीला ते जमणार नाही. जड ट्रे उचलणं, हात वारंवार डोक्यावर नेणं हे साधारण दोन आठवडे टाळावं लागतं, आणि किती दिवस ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं. तोंडी सांगितलेलं सुपरवायझर ऐकत नाही. मोशी ते चाकण रस्त्यावर दुचाकीवरचा प्रत्येक खड्डा छातीत कळतो. ब्रेक दाबताना, गाडी सावरताना दुखत नाही इतपत बरं होईपर्यंत बसच बरी.

कंत्राटी मुली रजा बुडते म्हणून टाके ओले असतानाच परत येतात. त्यांना ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा हक्क माहीत हवा. २०१७मध्ये या योजनेची पगाराची मर्यादा २१,००० रुपये झाली. सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं असेल, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. चिंचवडच्या मोहननगरला या योजनेचं रुग्णालय आहे. कार्ड नसेल तर संत तुकारामनगरचं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहेच.

एका मापावर निकाल नको

कारखान्यात आम्ही एका मापावरून मशीन थांबवत नाही. चार्टवर ठिपके मांडतो आणि सलग सात ठिपके एकाच दिशेने सरकले की थांबवतो. व्रणालाही मी हाच नियम लावला. दर रविवारी, त्याच खिडकीशी, त्याच अंतरावरून एक फोटो. आज जास्त लाल का, याचं उत्तर एका फोटोत मिळत नाही. तीन-चार ओळीने लावले की दिशा कळते. सूज, निळेपण, टणकपणा, खाज, चमक हे सगळं हळूहळू का होईना, कमी होत जायला हवं. कमी होत होतं ते परत वाढायला लागलं, किंवा जिथे काही नव्हतं तिथे नवीन उगवलं, तर दाखवायचं.

काही गोष्टींत मात्र चार्टही नको, सरळ डॉक्टर. स्तनाग्रातून आपोआप येणारं रक्त किंवा पाणी, स्तनाग्र नव्याने आत ओढलं जाणं, त्याच्यावर न भरणारी खपली किंवा चट्टा, संत्र्याच्या सालीसारखी जाड, खड्डेदार झालेली कातडी, काखेतली गाठ. हे व्रणाचे परिणाम समजून घरी बसायचं नाही.

साधी गाठ निघाली म्हणजे आयुष्यभराची सूट मिळाली असंही नाही. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८मध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर अभ्यास सुरू केला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविका एका गटाची दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासत होत्या. २०२१मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या शिकलेल्या हातांची ही करामत आहे, आणि ती तपासणी आपल्या जवळच्या दवाखान्यातही करून मिळते.

शेवटी एकच विनंती. पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट जपून ठेवा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि त्यात ‘फायलोडिस’ किंवा ‘ॲटिपिकल’ असा शब्द असेल तर पुढची तपासणी कधी, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढे केव्हाही सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी कराल तेव्हा ‘इथे ऑपरेशन झालंय’ हे आधी सांगा आणि तो रिपोर्ट समोर ठेवा. तपासणाऱ्याला जुना व्रण माहीत असेल, तर त्यापायी होणारी नवी बायोप्सी पुष्कळदा टळते.